दुखणे येण्याआधीचा भौतिकोपचार

भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी, हा शब्द आपल्या घरांत बहुधा कोणाचे हाड मोडल्यावरच शिरतो. म्हणून कन्येने या विषयात अध्यापन-संशोधन करावयाचे म्हटले, की 'डॉक्टरकी मिळाली नाही वाटतं?' हा प्रश्न ठरलेला. आम्हांस तो अन्यायाचा वाटतो.

भारतात या शिक्षणाचा पाया १९५० च्या दशकारंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात घातला गेला. समोर होती पोलिओने लुळी पडलेली मुले. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला; विद्या मात्र निरुद्योगी झाली नाही. मधुमेह, हृदयविकार, गुडघेदुखी तिच्या दारी येऊन बसली होतीच.

या रोगांचे मूळ बैठ्या जीवनात शोधणारे जेरी मॉरिस हे भौतिकोपचारतज्ज्ञ नव्हेत, लंडनचे वैद्य. तेथील दुमजली बसचे चालक दिवसभर बसून, तर वाहक रोज पाचशेंहून अधिक पायऱ्या चढणारे. वाहकांत हृदयविकार कमी, असे मॉरिस व सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले. पण मुळात स्थूल माणसेच चालक होत असतील तर? त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली! चालकांची कंबर खरोखरच मोठी निघाली. तथापि सडपातळ असो वा स्थूल, वाहकाला धोका कमीच, असे पुढे दिसून आले. संशोधन म्हणतात ते हे. त्याला यंत्रांपेक्षा शंकेखोर मन अधिक लागते.

१९८६ च्या ओटावा जाहीरनाम्याने 'आरोग्यसंवर्धन' ही कल्पना जगापुढे ठेवली. कॅनडातील व्हँकूव्हरच्या प्राध्यापिका एलिझाबेथ डीन यांच्यासारख्यांनी ती भौतिकोपचाराच्या अभ्यासक्रमात आणण्याचा आग्रह धरला. त्यात तथ्य आहे. गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरांना रुग्णामागे चार-पाच मिनिटे मिळतात; भौतिकोपचारतज्ज्ञ अर्धा अर्धा तास, आठवडेच्या आठवडे त्याच्याजवळ असतो. तंबाखू, आहार, झोप, चालणे यांविषयी विचारावयास याहून योग्य माणूस कोण? मात्र दिलेला सल्ला सहा महिन्यांनी कितीजण पाळतात, हे मोजल्यावाचून त्याची किंमत कळत नाही. ते मोजणे हेच या प्राध्यापकांचे काम.

ते पुस्तकी भाषेत साधत नाही. आजीला 'व्यायाम करता का?' विचारले, तर ती 'छे!' म्हणेल, पाणी भरणे, दळण आणणे, देवळापर्यंत चालत जाणे ती मोजणारच नाही. प्रश्नावली तिच्या बोलीत, तिच्या दिनक्रमातून घडवावी लागते. बेळगावात मराठीबरोबर कानडी आणि बडोद्यात गुजराती लहानपणापासून बोलणाऱ्या आमच्या मुली या कामी निम्मी तयारी घरातूनच घेऊन जातात.