मागून आणलेली गाडी आणि विमा : चावी देण्याआधी हे पाहा

लग्नसराई आली की आपल्याकडे गाड्या घरोघरी फिरतात. वलीमा परतूरला, मंगनी भोकरदनला, कुणाला उमऱ्यासाठी मुंबईच्या विमानतळावर सोडायचे. गाडी एकाची, चालवणारा दुसरा. नात्यात नाही म्हणवत नाही. पण समृद्धी महामार्गावर किंवा अंबडच्या रस्त्यावर काही झाले तर भरपाई कोण देणार, हे चावी देताना कुणी विचारत नाही. तेच आज समजून घेऊ.

विमा गाडीचा असतो

खासगी गाडीच्या पॉलिसीत 'ड्रायव्हर' नावाचे कलम असते. त्यात विमाधारकासह कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते, असे लिहिलेले असते. अट अशी की अपघाताच्या वेळी तिच्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचे चालू लायसन्स हवे. म्हणजे मामूंच्या परवानगीने भाच्याने गाडी नेली, एवढ्यावरून विमा जात नाही.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीने रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली तर त्याची भरपाई यातून मिळते. गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगचा खर्च मात्र फक्त 'फुल' विम्यातून मिळतो. तोही क्लेम केला की मालकाचा नो क्लेम बोनस जातो. तेव्हा नुकसान कोण भरणार, हे आधीच मोकळेपणाने बोललेले बरे.

चालवणाऱ्याचे काय?

खरी अडचण इथे आहे. समोरच्याला भरपाई मिळते, गाडीलाही मिळते, पण मागून आणलेली गाडी चालवणारा स्वतः दगावला तर?

कर्नाटकात इलकलहून एक जण मित्राची नव्हे, पण दुसऱ्याच्या मालकीची मोटारसायकल मागून घेऊन गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे घेऊन चाललेली बैलगाडी अचानक थांबली. धडक बसली आणि तो गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. 2009 मध्ये न्यायालयाने सांगितले, की गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी उभा असतो; तो 'थर्ड पार्टी' नाही. म्हणून चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई त्याच्या वारसांना त्या गाडीच्या विम्यातून मागता येत नाही.

2020 मध्ये राजस्थानातल्या प्रकरणातही हेच झाले. तिथे चूक समोरच्या मोटारसायकलची होती, असे वारसांचेच म्हणणे होते. पण दावा लावला तो मागून आणलेल्या गाडीचा मालक आणि त्याच्या विमा कंपनीवर. समोरच्याला पक्षकारच केले नाही. शेवटी पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात विम्याचे एक लाख रुपये तेवढे मिळाले.

2018 पासून हे कव्हर 15 लाखांचे झाले आहे. पण ते 'मालक-चालक' यांच्यासाठी, म्हणजे गाडी आणि पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी असते. मागून नेणाऱ्याने त्यावर भिस्त ठेवू नये. त्याने स्वतःचा अपघात विमा काढावा. बँक खाते असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा मिळतो. वय 18 ते 70 हवे. गाडी कुणाचीही असो, तो लागू राहतो.

विमा कुठे अडतो?

एक, लायसन्स नसेल तर. अशा वेळी कंपनीने जखमीला पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालये देतात. म्हणजे गाडी देणारा अडकतो. चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम 199अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो.

दोन, भाडे घेतले तर. खासगी पॉलिसी भाड्याच्या वापराला चालत नाही. सवाऱ्या बसवून पैसे घेतले तर कंपनीला नकार द्यायला कारण मिळते.

तीन, गाडी विकली पण आरसी जुन्याच नावावर राहिली तर. 2018 च्या निकालानुसार आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच भरपाईला जबाबदार. गाडी घेणाऱ्याने 14 दिवसांत विमाही आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा.

एवढे करा

- एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची मुदत पाहा.
- चालवणाऱ्याचे लायसन्स स्वतः बघा. घरचा मुलगा असला तरी.
- पॉलिसी थर्ड पार्टी आहे की फुल, हे दोघांनाही माहीत असू द्या.
- अपघात झालाच तर पोलिसांना आणि विमा कंपनीला लगेच कळवा. गाडी कोण चालवत होते ते खरेच सांगा. लायसन्सवाल्या भावाचे नाव पुढे केले आणि खोटे उघडे पडले तर क्लेम जातो, वर गुन्हा लागतो.
- समोरच्या गाडीचा नंबर आणि तिच्या विम्याची माहिती घ्या. चूक त्याची असेल तर दावा त्याच्यावर लावायचा आहे.

मोटार अपघात दाव्यांसाठी जिल्हा न्यायालयात न्यायाधिकरण असते. कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून दुखवट्यातही कागद जमवणे थांबवू नका. मागून नेलेल्या गाडीच्या चालकाचा प्रश्न अजूनही न्यायालयांत वादाचा आहे, तेव्हा जाणकार वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

आपल्याकडे दुसऱ्याची वस्तू म्हणजे अमानत. आम्ही एवढेच म्हणू, की गाडी जशी अमानत तसा ती चालवणाराही कुणाच्या तरी घरचा आधार असतो. चावी देताना आणि घेताना दोघांचीही काळजी घ्या.