दहांमधला दहावा : ‘डीन’ या पदनामाचा प्रवास

ससूनचे डीन, केईएमच्या डीन, अमुक विद्याशाखेचे अधिष्ठाता. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ही पदे नवी नाहीत. शासकीय मराठीने ‘डीन’ला ‘अधिष्ठाता’ हा प्रतिशब्द दिला. ‘अधि’ म्हणजे वर आणि ‘स्था’ म्हणजे उभे राहणे. जो वर उभा आहे तो अधिष्ठाता. देवळातील अधिष्ठात्री देवताही याच धातूची. मूळ लॅटिन ‘डेकानुस’मध्ये मात्र हे ‘वर’ असणे कुठेच नाही. तिथे फक्त एक आकडा आहे. ‘डेकेम’ म्हणजे दहा, आपल्या ‘दशन्’चा सख्खा चुलतभाऊ.

हा शब्द रोमन छावणीतला. चौथ्या शतकाच्या अखेरीस सेनाव्यवस्थेवर लिहिणारा वेगेटियस सांगतो, की एका तंबूतील दहा शिपायांवर जो प्रमुख असे त्याला डेकानुस म्हणत. गंमत अशी, की त्याआधीच्या रोमन सैन्यात एका तंबूत आठच शिपाई राहत. म्हणजे नावातल्या आकड्याचा नि माथी मोजण्याचा मेळ सुरुवातीपासूनच सैल होता.

छावणीतून शब्द मठात गेला. इजिप्तच्या वाळवंटात एकत्र राहणाऱ्या संन्याशांची रचना संत जेरोमने ३८४च्या सुमारास एका पत्रात वर्णिली आहे : दहा-दहांचे गट, आणि नऊंवर दहावा. बायबलच्या निर्गम ग्रंथात मोशेचा सासरा इथ्रो त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगतो. त्यामुळे या योजनेला धर्मग्रंथाचा आधार आयताच मिळाला.

पण पदाला खरा अर्थ दिला तो सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने. त्याच्या नियमावलीचे २१वे प्रकरण डीनांवर आहे. मठ मोठा असेल तर मठाधिपतीने आपला भार वाटून द्यावा. माणसे ज्येष्ठतेने नव्हे, तर आचरण आणि शहाणपण पाहून निवडावीत. कोणी गर्वाने फुगला तर एकदा, दोनदा, तीनदा समज द्यावी आणि तरीही सुधारला नाही तर काढून टाकावे. मठात फार संन्यासी असतील तर दहा-दहा, वीस-वीस जणांनी एका दालनात झोपावे, वडीलधाऱ्यांनी लक्ष ठेवावे, दिवा पहाटेपर्यंत जळत राहावा, असे पुढच्याच प्रकरणात आहे. त्याहून बोलके ६५वे प्रकरण. एकच उपप्रमुख नेमला की तो स्वतःला दुसरा मठाधिपती समजू लागतो, तट पडतात. त्यापेक्षा कारभार अनेक डीनांकडे असलेला बरा, असे बेनेडिक्ट म्हणतो. माझ्या मते या पदाचे मर्म इथे आहे. डीन निर्माण झाला तो सत्ता एका हाती साचू नये म्हणून.

पुढे कॅथीड्रलमधील धर्मगुरूंच्या मंडळाचा प्रमुख डीन झाला. आसन बिशपचे, पण वास्तूचा आणि उपासनेचा कारभार डीनचा, अशी ही विभागणी. गलिव्हरचा प्रवास लिहिणारा स्विफ्ट १७१३पासून ३२ वर्षे डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्सचा डीन होता. धर्मग्रामांच्या गटावरही डीन असतो. मुंबईच्या कॅथलिक महाधर्मप्रांतात आजही अशा ‘डीनरी’ आहेत. फ्रेंचांनी याच शब्दाचा ‘द्वायें’ केला. राजदूतांमधील ज्येष्ठाला तो लावतात आणि इंग्रजीतही तो तसाच गेला.

विद्यापीठांत शब्द आला तो चर्चच्याच दारातून. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या विद्याशाखांचे प्रमुख डीन म्हणवू लागले. शिकवणारेही धर्मगुरूच, तेव्हा नवे नाव शोधण्याची गरज कोणाला पडली असेल? ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये तर आठव्या हेन्रीने १५४६मध्ये कॅथीड्रल आणि कॉलेज एकाच डीनच्या हाती दिले. ग्रीक शब्दकोशकार हेन्री लिडेल १८५५ ते १८९१ या काळात तिथला डीन होता. ‘अ‍ॅलिस’ची गोष्ट त्याच्याच मुलीला सांगितलेली.

आपल्याकडे दहांची कल्पना नव्हती असे मुळीच नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात दहा गावांचा अधिकारी ‘दशी’ आहे. शब्दरचनेने तो थेट डेकानुसच. कौटिल्याच्या सेनेत दहा घटकांवर पदिक, दहा पदिकांवर सेनापती आणि दहा सेनापतींवर नायक. शिवरायांच्या पायदळात नऊ पाईक आणि दहावा नाईक, म्हणजे हुबेहूब जेरोमचे गणित. कौटिल्याचा सर्वांत वरचा नायक इथे सर्वांत खालचा नाईक झाला, हा शब्दांच्या नशिबाचा भाग.

तरीही परिभाषा घडवताना दशी किंवा नाईक कोणी उचलला नाही. ते समजण्यासारखे आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारावर ‘नाईक’ अशी पाटी कोणाला रुचली असती? पण ‘अधिष्ठाता’ निवडल्याने डीन आपल्या नऊंमधून उठला आणि चौथऱ्यावर गेला. बोलताना मात्र रुग्णालयातले शिपाई, परिचारिका आणि डॉक्टर आजही ‘डीनसाहेब’ किंवा ‘डीनमॅडम’च म्हणतात; अधिष्ठाता उरतो तो पाटीवर आणि परिपत्रकात.