फॉरमॅट मारण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप कागदोपत्री म्हातारे झाले. अशा यंत्रांवर लुबुंटू, अँटीएक्स किंवा पपी यांसारखी हलकी लिनक्स टाकून ती आणखी काही वर्षं वापरायची, हा विचार शहाणपणाचाच आहे. पण एखाद्या सकाळी स्क्रीन काळीच राहते, नाहीतर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी येऊन थांबतात, आणि मग दुकानातला ठरलेला सल्ला मिळतो: ‘फॉरमॅट मारा, पुन्हा टाका.’ हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो. यंत्र कुठे अडलं हे ते स्वतःच सांगत असतं, आणि फॉरमॅट मारल्याने पहिल्यांदा पुसला जातो तो हाच पुरावा.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत काम हातोहात पुढे जातं. आधी मदरबोर्डवरचं बायोस किंवा यूईएफआय जागं होतं, रॅम आणि कीबोर्ड तपासतं, बूट करता येईल अशी डिस्क शोधतं. मग ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये आणतो. सोबत इनिट्रॅमएफएस ही तात्पुरती शिदोरी असते. तिच्यातल्या ड्रायव्हरांच्या मदतीने कर्नल खरी डिस्क उघडतो. शेवटी सेवा सुरू होतात आणि लॉगिनचा पडदा येतो. प्रत्येक टप्प्यावरचं अडणं वेगळं दिसतं. लिनक्सचं नावही न येता ‘नो बूटेबल डिव्हाइस’ दिसलं, तर लिनक्सची पाळी अजून आलेलीच नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ असं आलं, तर ग्रबला स्वतःच्या फायली सापडत नाहीत. ‘कर्नल पॅनिक’ येऊन रूट फाइलसिस्टिम जोडता येत नाही असं म्हटलं, तर शिदोरी अर्धवट असण्याची शक्यता मोठी. बॅटरी मेलेला लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतो. त्यात अपडेट सुरू असताना लाइट गेली की शिदोरी अशी अर्धवट राहते. आणि सगळं पार पडून फक्त लॉगिनच्या जागी अंधार असेल, तर संशय ग्राफिक्सवर घ्यावा. ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ जोडल्यावर चित्र उमटलं, तर तो संशय बळावतो.

यातली गंमत अशी की, लिनक्सचा वाटणारा बिघाड पुष्कळदा लोखंडाचा निघतो. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा बटण सेल घ्या. तो संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग डिस्क तपासणारा प्रोग्रॅम म्हणतो, ही डिस्क भविष्यात वापरली गेली आहे; अपडेट नाकारलं जातं, सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. काही यंत्रांत बायोसच्या सेटिंगही मूळपदावर जातात, आणि जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेली लिनक्स यूईएफआयला दिसेनाशी होते. ही सगळी लक्षणं ‘सिस्टिम बिघडली’ अशीच भासतात, औषध मात्र काही रुपयांचा सेल.

डिस्कचंही तसंच. बहुतेक साध्या सॅटा डिस्क आपल्या तब्येतीची स्मार्ट नावाची नोंदवही ठेवतात आणि ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने ती वाचता येते. नोंद क्रमांक १९७ मध्ये वाचता न येणाऱ्या, निकाल न लागलेल्या जागांची संख्या असते. ती वाढत असेल तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. पण १९७ शून्य आणि १९९चा आकडा चढता असेल, तर डिस्क ठीक असून डिस्क आणि बोर्ड यांमधली केबल किंवा जोड सैल असण्याची शक्यता जास्त. केबलचा दोष असताना नवी एसएसडी घेतली, तर तीही तशीच अडखळेल.

‘पण फॉरमॅट मारल्यावर चालतं की!’ हा आक्षेप खोटा नाही. चालतं, कारण नव्याने लिहिताना डिस्क खराब जागा बाजूला टाकून राखीव जागा वापरते. हे थोडे दिवस टिकतं, आणि राखीव जागाही संपत जातात. रॅम सदोष असेल तर प्रकरण आणखी वाईट होतं. नवी सिस्टिम त्याच रॅममधून डिस्कवर उतरते, त्यामुळे काही फायली जन्मतःच बिघडलेल्या असतात, आणि आठवड्याभराने नवाच काहीतरी दोष दिसतो. म्हणून मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवावा. त्याच्याजवळ कुणाला बसावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सामान्य माणसाने काळ्या स्क्रीनवरची इंग्रजी वाचायची तरी कशी? इथे थोडा दोष डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच, बनवणाऱ्यांचाही आहे. घाबरू नये म्हणून ते ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द घालून संदेश झाकतात. मग दिसतो तो नुसता फिरणारा गोल. ग्रबमध्ये तेच दोन शब्द काढले की पडदा सरकतो. ओळी समजल्या नाहीत तरी मोबाइलवर फोटो काढता येतो, आणि जाणकाराला तेवढं पुष्कळ होतं. मात्र शेवटची ओळ हाच गुन्हेगार असं मानू नये. ती पुष्कळदा नीट पार पडलेल्या शेवटच्या कामाची असते, खरा अडथळा तिच्यानंतरचा. शिवाय वाचायचं नसेल तर त्याहून सोपी चाचणी आहे. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, यंत्र चालवून पाहायचं. तिथेही ते गोठलं, तर डिस्कवर कितीही वेळा सिस्टिम टाकली तरी फरक पडणार नाही. सुरळीत चाललं, तर संशय डिस्कवर आणि तिच्यावरच्या सिस्टिमवर येतो. आधी डेटा काढून घ्यावा, स्मार्टची वही पाहावी. वही स्वच्छ असेल, तर फॉरमॅटला माझी हरकत नाही. हलकी लिनक्स पटकन बसते, आणि अर्धवट अपडेट उकलत बसण्यापेक्षा ते बरं.

फार जुन्या यंत्रांत मात्र निदानाआधी वय पाहावं. काही पेंटियम एम प्रोसेसरांत पीएई ही सोय असते, पण ते ती जाहीर करत नाहीत, म्हणून इन्स्टॉलर नकार देतो. ‘फोर्सपीएई’ लिहिल्यावर तोच प्रोसेसर चालू लागतो. हे जुने प्रोसेसर ३२ बिटचे असतात आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ने ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. तिथे दोष ना डिस्कचा ना सिस्टिमचा. निवडच बदलावी लागते. उलट, बोर्डालाच चिकटवलेल्या रॅमचे मोजके पत्ते खराब निघाले म्हणून लॅपटॉप भंगारात काढायचं कारण नाही. मेमटेस्टने दाखवलेले ते पत्ते ‘मेममॅप’ या पर्यायाने कर्नलला कळवले, की तो तेवढा तुकडा वगळून उरलेली रॅम वापरतो.