लघवीच्या जागी पाण्याचे बारीक फोड? ओले असतानाच डॉक्टरला दाखवा

वणी : जांघेत किंवा लघवीच्या जागी काही झालं की आपल्याकडे माणूस आधी मेडिकलमध्ये जातो आणि हळू आवाजात ट्यूब मागतो. मिळते ती पुष्कळदा नायट्याची, स्टेरॉईडवाली. आजार हर्पिस असेल तर असल्या मलमानं तो उलट वाढू शकतो.

हर्पिस हा विषाणूचा आजार आहे आणि तो शरीरसंबंधातून लागतो. लागण झाल्यावर साधारण २ ते १२ दिवसांत त्या जागी मुंग्या येतात, आग होते. मग लालसर कातडीवर पाण्याचे बारीक फोड घोसानं उठतात. ते फुटले की उथळ जखमा होतात आणि लघवी करताना जीव नकोसा होतो. पहिल्या वेळी ताप, अंगदुखी आणि जांघेत अवधाणही येतं. २ ते ४ आठवड्यांत खपली पडून सगळं आपोआप भरतं. माणूस फसतो तो इथंच. विषाणू गेलेला नसतो, तो कमरेजवळच्या नसांत दडून बसतो. पुढं ताप, थकवा, काळजी किंवा मासिक पाळीच्या वेळी पुन्हा तिथंच फोड येऊ शकतात, पण त्रास कमी असतो. काहींना तर फक्त जराशी भेग किंवा खाज जाणवते.

गावात याला नागीण समजून गेरू लावणारेही आहेत. नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूची, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच होते. खरूज असेल तर रात्री खाज जास्त सुटते, बोटांच्या बेचक्यात पुरळ येतं आणि घरातल्या इतरांनाही होतं. गरमीची जखम बहुधा एकच, कडक आणि न दुखणारी असते. दुखत नाही म्हणून ती सोडून देऊ नका, तिला वेगळं औषध लागतं.

कपाशीच्या हिरव्या पानावरचा डाग पाहून रोग सांगता येतो, पान वाळल्यावर काय सांगणार? तसंच हे आहे. फोड ताजे असले तर डॉक्टर पुष्कळदा पाहूनच ओळखतात. शंका असेल तर फोडातलं पाणी किंवा जखमेचा स्राव कापसाच्या काडीवर घेऊन तपासतात. पीसीआर ही त्यातली भरवशाची तपासणी. खपली धरल्यावर विषाणू सापडणं कठीण. सोबत गरमी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी, कारण हर्पिसच्या जखमांमुळे एचआयव्हीचा धोका वाढतो.

रक्ताच्या रिपोर्टवरून घरात भांडणं लागतात, म्हणून हे नीट वाचा. रक्ततपासणीत विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं दिसतात. लागण कधी झाली, कोणाकडून झाली, हे त्यातून कळत नाही. ओठावर फोड आणणारा याचाच भाऊ, म्हणजे टाईप १, कित्येकांना लहानपणीच होऊन गेलेला असतो. टाईप २ वर्षानुवर्षं गप्प राहून अचानक वर येऊ शकतो. त्यामुळे आज फोड दिसले म्हणून बायकोनं किंवा नवऱ्यानं कालपरवा काही केलं, असं धरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांत टाईप २ होता. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हे माहीतही नसतं.

बायकांचं दुखणं तर घरातच राहतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा गुप्तरोग निघाला, पण आधी तपासणी आणि उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. गरोदर बाईनं तर हे लपवूच नये. शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर बाळंतपणात बाळाच्या जिवाला धोका असतो.

विषाणू कायमचा घालवणारं औषध नाही. पण एसायक्लोव्हिरच्या गोळ्या पहिल्या ३ दिवसांत सुरू झाल्या तर त्रास लवकर आटोपतो. डोस डॉक्टरच ठरवतील. फोड असेपर्यंत संबंध टाळा. एरवी निरोध वापरा, धोका कमी होतो, पुरता जात नाही. आधी वणीच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. गरज पडली तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचा व गुप्तरोगाचे डॉक्टर आहेत. समोर जाऊन बोलायची लाज वाटत असेल तर १०९७ या मोफत नंबरवर नाव न सांगता विचारता येतं.