थायरॉईड काढल्यावर गोळीला पर्याय आहे का?

रविवारची वंदना झाली की विहाराच्या पायरीवर आरोग्याचे प्रश्न घेऊन माताभगिनी आमच्याकडे येतात. मागे एका आईने हळूच विचारले, "मुलगी बावीस वर्षांची आहे. गाठ होती म्हणून थायरॉईड पूर्ण काढली. आता रोज गोळी. स्थळं येताहेत, पाहुण्यांना काय सांगायचं? शेजारच्या बाईंनी काढा दिलाय. तीन आठवडे गोळी बंद आहे, तरी तिला काही झालं नाही. मग काढाच चालू ठेवला तर?"

हा प्रश्न अनेक घरांत आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी देतो.

गळ्यातील थायरॉईड ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. हृदयाचे ठोके, अंगातील ऊब, पाळी, बुद्धी, वाढत्या मुलांची उंची, सगळे त्यावर चालते. ग्रंथी पूर्ण काढली की ते शरीरात तयार होत नाही. काढा, आयोडीन किंवा योगासने ग्रंथीला मदत करतील असे क्षणभर मानले, तरी मदत घ्यायला ग्रंथीच उरलेली नसते. त्यामुळे पूर्ण थायरॉईड काढल्यावर संप्रेरकाला पर्याय नाही.

मग तीन आठवडे काही झाले कसे नाही? रक्तातील थायरॉक्सिन निम्मे व्हायला साधारण सात दिवस लागतात. साठा हळूहळू संपतो आणि आजार दबकत येतो. आधी थकवा, सूज, बद्धकोष्ठ, थंडी वाजणे, विसराळूपणा. दीर्घकाळ गोळी बंद राहिली तर बेशुद्धी येऊन जीवही जाऊ शकतो. काढ्याचे यश म्हणजे जुन्या गोळीचा उरलेला साठा.

इतिहासही हेच सांगतो. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी १८७४ साली अकरा वर्षांच्या एका मुलीची पूर्ण थायरॉईड काढली. जखम छान भरली, पण मुलीची वाढ थांबली आणि बुद्धी मंदावली. ते कळल्यावर कोखर यांनी जुन्या रुग्णांना तपासणीस बोलावले आणि १८८३ साली स्वतःच्या शस्त्रक्रियेचा हा दुष्परिणाम जाहीर मांडला. त्या मुलीसाठी तेव्हा औषधच नव्हते. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून अशा आजाराच्या एका बाईला बरे केले. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. आजची गोळी त्याच वाटेवरची. तिच्यातील थायरॉक्सिन आपल्या ग्रंथीत बनते तसेच असते. म्हणून ती 'नशा' किंवा 'सवय' नव्हे, शरीरात कमी पडलेली वस्तू आहे. बाबासाहेबांनाही मधुमेहासाठी इन्सुलिन घ्यावे लागत होते. तेही संप्रेरकच.

खरा पर्याय असतो तो शस्त्रक्रियेआधी. "अर्धी ग्रंथी काढून भागेल का?" हे डॉक्टरांना जरूर विचारा. अर्धी राहिली तर अनेकांना गोळी लागत नाही, काहींना लागते. ग्रंथी जास्त काम करत असेल तर आधी औषधांनीही उपचार होतो. लहान, कमी धोक्याच्या गाठीवर कधी कधी नुसते लक्ष ठेवले जाते. पण कर्करोग पसरलेला असेल तर पूर्ण ग्रंथी काढणे टाळू नये.

गोळी घेण्याची रीत सोपी आहे. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावे. डोस डॉक्टरच ठरवतील. शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, पेटके आले, तर कॅल्शियम कमी झाले असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. ही गोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि स्वस्त आहे.

अष्टशील उपोसथाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. भिक्खूंच्या चार गरजांत भगवंतांनी चीवर, भोजन, निवारा यांच्या बरोबरीने औषधही सांगितले आहे.

आता स्थळांचे. गोळी व्यवस्थित घेणारी मुलगी लग्न करू शकते, आई होऊ शकते, बाळाला अंगावर पाजू शकते. मात्र दिवस राहिल्याची शंका येताच डॉक्टरांना सांगावे, कारण तेव्हा डोस वाढवावा लागतो. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते. लपवून गोळी चुकवणारी सून आणि तिचे बाळ, दोघेही धोक्यात येतात. म्हणून पाहुण्यांना आधीच खरे सांगावे. गोळी ऐकून जे घर मागे फिरेल, ते घर आपल्या लेकीसाठी नव्हतेच.

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून पाहा, हे कालामांना दिलेले सांगणे काढ्यालाही लागू आहे. पारखायला टीएसएचचा अहवाल पुरे. त्या आईला आम्ही एवढेच म्हणालो, "ताई, उद्या सकाळी चहाच्या आधी तिच्या हातावर गोळी ठेवा. मग डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस बंद होती ते न लपवता सांगा."