डिशवॉशर पाणी तापवत नाही? बोर्ड बदलण्याआधी सेन्सर मोजा

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये कामवाल्या बायका येईनाशा झाल्या आणि अनेक घरांत डिशवॉशर आला. रमजानमध्ये त्याची किंमत विशेष कळते. इफ्तारची भांडी त्यात लावली की घरातल्या बायकांनाही तरावीहसाठी वेळ मिळतो. पण कधी कधी हाच डिशवॉशर रुसतो. कोरम्याच्या पातेल्याला तूप तसेच राहते, पावडर नीट विरघळत नाही, भांडी ओली आणि थंड निघतात, दीड तासाचा प्रोग्रॅम तीन तास चालतो. अशा वेळी तापमान मोजणाऱ्या छोट्या सेन्सरकडे लक्ष द्यावे.

हा सेन्सर बहुधा यंत्राच्या तळाशी, पाणी साठते तिथे बसवलेला असतो. पाणी तापते तसा त्याचा विद्युत रोध कमी होतो. त्यावरून बोर्डाला कळते की हीटर कधी चालू ठेवायचा आणि कधी बंद करायचा. सेन्सरने थंड पाण्याला गरम म्हटले, तर हीटर चालूच होत नाही. ठरलेले तापमान गाठल्याचे कळले नाही, तर यंत्र वाट पाहत राहते किंवा बिघाडाचा कोड दाखवून थांबते.

मेकॅनिकला बोलावण्याआधी तीन गोष्टी आपण स्वतः पाहू शकतो. पहिली, तळाची जाळी काढून धुवावी. काही यंत्रांत पाण्याचा प्रवाह कमी झाला की हीटर सुरूच होत नाही. दुसरी, ६५ ते ७० अंशांचा प्रोग्रॅम लावावा. सुरुवातीची थंड पाण्याची विसळणी संपून साधारण अर्धा तास झाला, की यंत्र थांबवून दार हळूच उघडावे. वाफ येऊ शकते, म्हणून मुलांना दूर ठेवावे. आतली भांडी गारच असतील, तर पाणी तापत नाही हे नक्की. तिसरी, पडद्यावर आलेला कोड लिहून घ्यावा आणि माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ पाहावा.

पुढचे काम जाणकाराचे. वॉरंटी बाकी असेल, तर यंत्र अजिबात उघडू नये. वॉरंटी संपली असेल, तरी नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा, नळ बंद करावा, मगच खालची पट्टी उघडावी. सेन्सरची जोडणी काढून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजतात. पुष्कळ मॉडेलांत २५ अंशांना तो सुमारे १० किलोओहम असतो. ५० अंशांना तो साधारण ४ किलोओहमपर्यंत उतरतो. काही कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, म्हणून आपल्या मॉडेलचा तक्ता पाहावा. सेन्सर बाहेर काढता आला, तर त्याचे टोक कोमट पाण्यात धरावे, जोडणी मात्र कोरडी ठेवावी. आकडा हळूहळू खाली आला, तर सेन्सर बहुधा ठीक आहे. आकडा हललाच नाही, शून्याजवळ राहिला किंवा मीटरने काहीच दाखवले नाही, तर सेन्सर गेला. तार हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल, तर दोष जोडणीत असतो. सेन्सर ठीक निघाला, तर हीटर आणि त्याची वायरिंग तपासावी. बोर्डाचा नंबर सर्वांत शेवटी.

आमच्या घरी हा क्रम उलटा झाला. शाबानचे शेवटचे दिवस होते. आलेल्या मेकॅनिकने मीटर न काढताच सांगितले, "बोर्ड गेला, बदलावा लागेल." आम्ही एवढेच म्हटले, "भाई, आधी सेन्सर मोजून दाखवा." त्याने मोजला. मीटरवर आकडाच आला नाही. नवा सेन्सर आणि त्याची रबरी रिंग बसवली, पाणी गळत नाही याची खात्री केली आणि यंत्र सुरू झाले. बोर्ड जुनाच राहिला. खर्च झाला तो बोर्डाच्या किमतीपुढे अगदी किरकोळ होता.

चालू वस्तू टाकून देणे हाही इस्राफच आहे. रमजानच्या तोंडावर वाचलेला पैसा एखाद्या गरजू घराच्या शिध्यासाठी जाऊ शकतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी तीन गोष्टी न लाजता मागाव्यात: मीटरवरचा आकडा, काढलेला जुना भाग आणि लिहिलेले बिल. यात मेकॅनिकचा अपमान नाही. प्रामाणिक कारागिराला मोजून दाखवायला संकोच वाटत नाही, आणि त्याने तपासणीला दिलेल्या वेळाची मजुरी घासाघीस न करता देणे ही आपली जबाबदारी आहे.

कुरआन शरीफमधील ८३ वी सूरह, अल-मुतफ्फिफीन, मापात कसर करणाऱ्यांना इशारा देते. तराजू दुकानातला असो की दुरुस्तीच्या कामातला, माप खरेच असले पाहिजे. अल्लाह तआला आपल्या सर्वांना व्यवहारात सचोटी देवो. आमीन.