गाणं तुमचं, किल्ली कुणाची?

एकलहऱ्याच्या कॉलनीत वाढलेल्या पोरापोरींना एक गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही. क्वार्टर आपलं नसतं.

नाशिकरोडजवळचं हे गाव. गोदावरीकाठी औष्णिक वीज केंद्र, लांबूनच दिसणाऱ्या त्याच्या चिमण्या आणि कामगारांची वसाहत. क्वार्टरच्या भिंतीला आपण खिळे ठोकतो, दारावर नावाची पाटी लावतो, अंगणात पेरूचं झाड लावतो. पण आई किंवा बाबा रिटायर झाले की किल्ली परत द्यायची. त्यात फसवणूक काही नाही. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ते माहीत असतं.

आता जरा खिशातला फोन काढा. म्युझिक ॲप उघडा. 'डाउनलोड'मध्ये जा. दोनशे-चारशे गाणी तरी असतीलच. सबमिशनच्या रात्रीची वेगळी, गणपतीतली वेगळी, ब्रेकअपनंतरची तर फारच वेगळी!

सांगा बघू, ही गाणी म्हणजे तुमचं घर की क्वार्टर?

ॲपला टाळं, गाण्यांनाही टाळं

'डाउनलोड केलंय म्हणजे माझंच की' असं वाटत असेल तर दोन गोष्टी ऐका. दोन्ही आपल्याच देशातल्या.

पहिली २०१३ची. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान काढलं होतं. तिथं पैसे देऊन गाणं विकत घ्यायचं आणि साधी एमपी३ फाइल उतरवून घ्यायची. दुकान काही चाललं नाही. जून २०१३मध्ये ते बंद पडलं. घेतलेली गाणी उतरवून घ्यायला लोकांना ऑगस्टपर्यंत मुदत मिळाली. पुढे काय झालं? काहीच नाही. दुकान गेलं, गाणी राहिली. ज्यांनी ती नीट जपली, त्यांच्याकडे ती आजही वाजतात.

दुसरी गोष्ट २०२४ची. एअरटेलचं 'विंक म्युझिक' तुमच्यापैकी अनेकांनी वापरलं असेल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. विंकमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी विंकच्याच पोटात असायची. ॲप मिटलं, की ती गाणीही मिटली.

दोन्ही दुकानं बंदच पडली. फरक एवढाच, की एकाने गाणं तुमच्या हातात दिलं होतं आणि दुसऱ्याने फक्त ऐकायची परवानगी.

या परवानगीच्या कुलपाला टेक्निकल भाषेत 'डीआरएम' म्हणतात. म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. फाइल तुमच्याकडे असते, पण ती उघडायची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर. प्रत्येक वेळी किंवा काही दिवसांनी फोन गुपचूप विचारून येतो, 'वाजवू का?' स्पॉटिफायचंच बघा. प्रीमियमचे पैसे भरून गाणी उतरवून ठेवली, तरी तीस दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावंच लागतं. नाही आलात, तर उतरवलेलं गाणं मुकं.

हजार गाणी खिशात, पण...

ही सगळी भानगड समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल. तुमच्यातल्या काहींचा जन्मही झाला नसेल तेव्हाची गोष्ट.

२३ ऑक्टोबर २००१. ॲपलने आयपॉड आणला. पत्त्यांच्या कॅटएवढी डबी, पाच जीबीची हार्ड डिस्क आणि 'खिशात हजार गाणी' हा वायदा. त्या काळात ही जादूच होती. पण जादूला एक अट होती. आयपॉडमध्ये गाणी भरायची ती फक्त आयट्यून्स या सॉफ्टवेअरमधून. साध्या पेनड्राइव्हसारखं कॉपी-पेस्ट केलं तर फाइल आत जायची, पण प्लेअरच्या यादीत ती दिसायचीच नाही!

२००३च्या एप्रिलमध्ये ॲपलने अमेरिकेत गाण्यांचं ऑनलाइन दुकान उघडलं. एका गाण्याला ९९ सेंट. तिथल्या गाण्यांवर 'फेअरप्ले' नावाचं डीआरएमचं कुलूप होतं. म्युझिक कंपन्या तेव्हा नॅपस्टरवरच्या फुकट देवाणघेवाणीने पार हबकल्या होत्या. कुलपाशिवाय गाणी विकायला त्या तयारच नव्हत्या. पण या कुलपाचा फायदा ॲपललाही झाला. तिथं घेतलेलं गाणं दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर वाजत नव्हतं. शंभर गाणी विकत घेतली की पुढचा प्लेअरही आयपॉडच घ्यावा लागणार. नाहीतर गाण्यांवर पाणी सोडा.

बाकीचे तरी काय धुतल्या तांदळाचे होते? मायक्रोसॉफ्टने आपल्या कुलपाच्या योजनेचं नाव ठेवलं होतं 'प्लेज फॉर शुअर', म्हणजे नक्की वाजणारच! मग २००६मध्ये त्यांनी स्वतःचा 'झून' प्लेअर काढला आणि त्याच झूनवर 'प्लेज फॉर शुअर'ची गाणी वाजेनात. स्वतःच्याच किल्लीने स्वतःचंच कुलूप उघडेना.

गंमत म्हणजे, कुलूप निरुपयोगी आहे हे शेवटी स्टीव्ह जॉब्जनेच जाहीरपणे लिहिलं. फेब्रुवारी २००७मधल्या त्याच्या पत्रातला हिशेब असा होता, की सरासरी आयपॉडमध्ये ॲपलच्या दुकानातली कुलूपबंद गाणी जेमतेम तीन टक्के. उरलेली ९७ टक्के तशीही मोकळीच. मग कुलूप लावून राखण कसली करायची? त्याच वर्षी ईएमआय कंपनीची गाणी कुलपाशिवाय मिळू लागली आणि २००९मध्ये आयट्यून्सवरच्या सगळ्याच गाण्यांची कुलपं निघाली.

दुकान नाही, जाच मात्र आहे

आपल्याकडे काय चाललं होतं? आयट्यून्सचं गाण्यांचं दुकान भारतात उघडायला डिसेंबर २०१२ उजाडलं. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं इथं आयपॉड घेणाऱ्याला ॲपलकडून गाणं विकत घ्यायची सोयच नव्हती. सॉफ्टवेअरची बंधनं मात्र सगळी होती.

एक बंधन तर भयंकर. आयपॉड एका वेळी एकाच कम्प्युटरच्या लायब्ररीशी 'सिंक' व्हायचा. मित्राकडची गाणी घ्यायला म्हणून तो मित्राच्या कम्प्युटरला जोडला की पडद्यावर प्रश्न यायचा, आतलं सगळं पुसून नव्याने भरू का? न वाचता 'हो' म्हटलं की संपलं. आणि उलटं, आयपॉडमधली गाणी कम्प्युटरवर काढून घ्यायची सोय आयट्यून्समध्ये नव्हती. अपवाद फक्त ॲपलच्या दुकानात घेतलेल्या गाण्यांचा, आणि ते दुकान तर इथं नव्हतंच! कम्प्युटरची हार्ड डिस्क उडाली तर स्वतःच्याच सीडीवरून भरलेली गाणी खिशात असूनही परत मिळवायला वेगळी सॉफ्टवेअर शोधत फिरायचं.

त्याच काळात आपल्या गल्लीबोळांतल्या मोबाइलच्या दुकानांत दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड 'फुल्ल' करून मिळत होतं. साधा चिनी एमपी३ प्लेअर पेनड्राइव्हसारखा जोडा, गाणी टाका, चला. ते पायरेटेड होतं, गायक-संगीतकाराच्या हाती त्यातला छदामही पडत नव्हता, त्याचं कौतुक नाहीच. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. महागडा प्लेअर घेऊन सीडी विकत घेणारा प्रामाणिक माणूस सिंकच्या फेऱ्यात अडकायचा आणि फुकट्याचं काहीच अडत नव्हतं. कुलूप नेहमी सरळ माणसालाच नडतं.

जुना आयपॉड घेताय?

हे सगळं आज का सांगायचं? कारण मे २०२२मध्ये ॲपलने शेवटचा आयपॉडही बंद केला आणि त्यानंतर जुन्या आयपॉडची क्रेझ परत आली. नोटिफिकेशन नाही, रील नाही, फक्त गाणी. अभ्यासाला बसताना फोन लांब ठेवायचा तर हा उपाय झकासच. पण सेकंडहँड घेताना ऑनलाइन फोटो बघून भुलू नका. हे तपासा :

• 'आयपॉड टच' असेल तर आधीच्या मालकाने आपला ॲपल आयडी काढलाय का? नसेल काढला, तर तुम्ही काचेचा ठोकळा विकत घेताय.

• 'क्लासिक' असेल तर कानाला लावून बघा. हार्ड डिस्क कटकट आवाज करत असेल तर तिचे दिवस भरलेत. पाठ फुगलेली दिसली तर बॅटरी गेली, हातही लावू नका.

• टच सोडून बाकी जुने आयपॉड कम्प्युटरला डिस्कसारखे जोडता येतात. आतला लपवलेला फोल्डर 'हिडन फाइल्स' दाखवा म्हटलं की दिसतो. गाण्यांची नावं चार अक्षरांची, निरर्थक अशी केलेली असतात, पण गायक, अल्बम ही माहिती बहुतेकदा फाइलच्या आत शाबूत असते. जुन्या मालकाच्या गाण्यांवर हा प्रयोग नको, स्वतःची अडकलेली गाणी सोडवायला उपयोगी.

• आयट्यून्स वापरणारच असाल तर आधी 'ऑटोमॅटिक सिंक' बंद करून गाणी हाताने भरायचा पर्याय निवडा.

• काही जुन्या मॉडेलवर 'रॉकबॉक्स' हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालतं. ते टाकलं की आयपॉड साध्या पेनड्राइव्हसारखा वागतो. इंजिनीअरिंगवाल्यांनो, हा तर मिनी प्रोजेक्टच आहे!

हे कायदेशीर आहे का?

प्रश्न रास्त आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन कलम ६५-ए आलं. कॉपीराइटचा भंग करायच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण कायद्याने ज्या गोष्टीला मनाई केलेली नाही, ती करण्यासाठी कुलूप उघडलं तर हे कलम आड येत नाही, असंही त्यातच लिहिलंय. आणि खासगी, वैयक्तिक वापरासाठीच्या वाजवी उपयोगाला कलम ५२मध्ये जागा आहे. थोडक्यात, स्वतः विकत घेतलेलं गाणं स्वतःच्या दुसऱ्या प्लेअरवर ऐकणं वेगळं आणि तेच गाणं ग्रुपवर शंभर जणांना वाटणं वेगळं. दुसऱ्याला हा कायदा माफ करत नाही.

तीन प्रश्न विचारा

स्ट्रीमिंग सोडा असं कुणी म्हणत नाहीये. महिन्याला वडापावच्या पैशांत लाखो गाणी मिळत असतील तर ती ऐकावीतच. क्वार्टरमध्येही माणसं सुखाने राहतातच की! फक्त ते क्वार्टर आहे हे माहीत हवं. मार्च २०२३मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिकचं करारावरून फिसकटलं आणि कित्येक हिंदी गाणी लोकांच्या प्लेलिस्टमधून गायब झाली. पैसे भरणाऱ्यांनाही कुणी विचारलं नाही.

म्हणून कुठलाही प्लेअर, ॲप किंवा सबस्क्रिप्शन घेताना तीन प्रश्न विचारायचे.

एक, कंपनी उद्या बंद पडली तर गाणं वाजेल का?

दोन, नेट नसलं तर किती दिवस वाजेल?

तीन, दुसऱ्या डबड्यात नेता येईल का?

घरी आजीआजोबांकडे 'कारवां' असेल. सारेगामाने २०१७मध्ये आणलेला, आत पाच हजार जुनी गाणी भरलेला रेडिओसारखा डबा. त्याला हे प्रश्न विचारून बघा. कंपनी असो-नसो, तो वाजेल. त्या पाच हजार गाण्यांना नेट लागतच नाही. आतली गाणी काढून दुसरीकडे नेता येत नाहीत, म्हणून तिसऱ्या प्रश्नात नापास. तरी तीनपैकी दोन मार्क. विंकला किती? शून्य. आणि विकत घेतलेल्या साध्या एमपी३ फाइलला पैकीच्या पैकी.

अशा फाइल आजही मिळतात. बँडकॅम्पवर कलाकारांची गाणी कुलपाशिवाय विकत घेता येतात. जुनी सीडी कम्प्युटरवर उतरवून घेता येते. जी वीस-पंचवीस गाणी म्हातारपणीही ऐकावीशी वाटतील, तेवढी तरी घरची असू द्या.

आणि जी गाणी कुठेच मिळणार नाहीत?

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पिक्चरचं गाणं आज ना उद्या कुठेतरी सापडेल. पण गॅदरिंगला तुमच्या बँडने वाजवलेलं? गावातल्या भजनी मंडळाचं? आजीच्या आवाजातली जात्यावरची ओवी?

हेमा राईरकर आणि गी पॉइटवॉ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या अनेकींचा आवाज १९९०च्या दशकात टेपवर उतरवला गेला. पुढे टेप जुनी झाली, तरी तो आवाज डिजिटल करता आला आणि आज 'पारी'च्या वेबसाइटवर कुणालाही ऐकता येतो. नव्या मशीनवर नेताना टेपला कुठल्या सर्व्हरची परवानगी मागावी लागली नाही.

तुम्ही केलेलं रेकॉर्डिंग मात्र एखाद्या ॲपच्या आत पडून असेल. फोन बदलला, पासवर्ड विसरला, ॲप बंद झालं, की गेलं. तेव्हा या रविवारी एक तास काढा. ती रेकॉर्डिंग ॲपमधून बाहेर काढा, साध्या एमपी३ किंवा वेव्ह फाइलमध्ये सेव्ह करा. फाइलला नीट नाव द्या : कोण गातंय, कुठे, कधी. एक कॉपी कम्प्युटरवर, दुसरी पेनड्राइव्हवर आणि तिसरी ताईकडे किंवा दादाकडे.

आणि आजीचं रेकॉर्डिंग केलंच नसेल, तर रविवारचीही वाट बघू नका. आज संध्याकाळीच तिच्याजवळ जाऊन बसा.